मशीन चावतं

थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते, हे मी आजवर किती जणांना समजावलं असेल याची गणती नाही. मी खारघरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. त्यामुळे खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीला मी फुकटची हेल्पलाइन वाटते. इन्व्हर्टर घुंघुं का करतो, चार्जर गरम का होतो, लिफ्टमध्ये फोन का लागत नाही. मी उत्तरं देते. खोटं कशाला बोलू, द्यायला आवडतं. ‘मॅडमना विचारा’ असं कोणी म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं.

तर, ती पिन अर्थिंगची. जाड अशासाठी, की चुकून करंटच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की लावताना सगळ्यांत आधी लागावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरलीच, तर तिला जमिनीत जायला वाट हवी. ती वाट नसेल तर वीज माणसातून जाते. हे वाक्य मी वर्गात जरा थांबून म्हणते. मुलं लिहून घेतात.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येते ती बाई नेऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरची. कामाला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिने सांगितलं, मशीन चावतं. ओल्या हातांनी कपडे काढताना मुंग्या येतात, कधी कधी कोपरापर्यंत. मी विचारलं, पायात काय घालतेस? काहीच नाही. मग मी तिला ओला हात, ओली लादी असं सगळं समजावलं आणि माझी जुनी रबरी स्लीपर दिली. माझ्यापुरता विषय मिटला. नंतरही ती अधूनमधून सांगायची, मी ‘हो, बघते’ म्हणायचे. दोन वर्षं. त्या मशीनला मी स्वतः हात लावायची वेळच येत नव्हती.

या मे महिन्यात आई राहायला आली. एका सकाळी मशीनमधून आपली साडी काढायला गेली आणि दचकून तिने हात झटकला. लागलं काहीच नव्हतं, पण मी हातातला चहा तसाच ठेवून वायरमनला फोन केला. तासाभरात तो आला. सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची हिरवी वायर आत वेटोळं करून कोंबलेली. बिल्डरच्या माणसाने ती जोडलीच नव्हती. ‘मॅडम, तुमच्याच घरात?’ म्हणून वायरमन हसला आणि वीस मिनिटांत काम उरकून गेला.

मी बिल्डरला यथेच्छ शिव्या घातल्या. बरं वाटलं. पण कामवाल्या बाईने बिल्डरला कुठे सांगितलं होतं? मला सांगितलं होतं, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलेला होता. लाज वाटली. अजूनही वाटते.

भांडी घासता घासता ती हे सगळं बघत होती. वायरमन गेल्यावर ओल्या हातानेच आली आणि मशीनच्या पत्र्यावर अख्खा पंजा टेकवून उभी राहिली.

“आता नाय चावत,” ती म्हणाली.

मी म्हटलं, बरं झालं, एकदाचं काम झालं.

“आईला चावलं म्हनून झालं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग वाकून तिने कपडे बाहेर काढायला घेतले.