किटलीमार्फत

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला मुलीच्या घरातली ती माझी पहिली सकाळ. चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तर जावई एकटाच उभा. मला पाहून तो अर्धा वळला, ओट्यावरच्या किटलीकडे तोंड केलं आणि तिला इंग्रजीत म्हणाला, “दूध फ्रिजच्या दारात आहे. कोणाला चहा करायचा असेल तर साखर वरच्या डब्यात.” मग बूट चढवून शिफ्टला निघून गेला. मी किटलीकडे बघत राहिले. तीही गप्पच होती.

हे गेले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, आणि फोनवर मुलीचा एकच धोशा: आई, आता इकडेच ये, कायमची. मी म्हटलं, आधी सहा महिने राहून बघते. उरलेलं आयुष्य या घरात काढायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं होतं. आणि पहिल्या दिवसापासून घरातला एक माणूस माझ्याशी बोलत नव्हता.

मुलीने मला आधी सांगितलं नव्हतं असं नाही. जावई सुमात्राच्या डोंगरातल्या एका लहानशा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आला, माझ्या मुलीला भेटला, आता स्टीलवर्क्समध्ये वेल्डिंगचं काम करतो. त्यांच्याकडे सासू आणि जावई एकमेकांशी थेट बोलत नाहीत, शिवत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत. त्याला रेबू म्हणतात. तिसरं माणूस असेल तर त्याच्यामार्फत बोलायचं. नसेल तर समोर जी वस्तू असेल तिला सांगायचं. सासूला त्यांच्या भाषेत मामीच म्हणतात, हे ऐकून मला गंमत वाटली होती. बाकीचं काही खरं वाटलं नव्हतं. सासू नकोशी असलेल्या माणसाने शोधून काढलेली ही सोय आहे, असंच मी धरून चालले. लग्न झालं तेव्हा कोविडमुळे विमानं बंद होती, आम्ही ते व्हिडिओवर पाहिलं, त्यामुळे खरंखोटं करायची वेळच आली नव्हती.

“आई, रिस्पेक्ट आहे तो. तू पर्सनली घेऊ नकोस ना,” मुलगी म्हणायची.

“आमच्याकडे मान देताना तोंड उघडतात,” मी म्हणायचे.

मी सोफ्यावर बसले की तो उठायचा. मी बागेत गेले की तो गॅरेजमध्ये. त्यात मागच्या दाराच्या चार पायऱ्यांना एक लोखंडी कठडा होता, नवाकोरा, हिरवा रंग दिलेला. बाथरूममध्येही भिंतीला दोन दांडे. मुलगी कौतुकाने म्हणाली, “त्याने केलंय, तू यायच्या आधी.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय एवढी म्हातारी झाले? बोलायला याला तोंड नाही, पण म्हातारी ठरवायला वेल्डिंग आहे. मी त्या कठड्याला हात म्हणून लावला नाही. गुडघा दुखत असतानाही भिंतीला धरून उतरायचे.

चौथ्या महिन्यात मी मनाशी पक्कं केलं, की आपण परत जायचं. मुलीला सांगायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात जावयाच्या गावचा वर्षाचा सण आला. पीक निघाल्यावर सगळं गाव घरोघरी जेवत फिरतं. मुलगी म्हणाली, तूही चल. म्हटलं, जाताजाता तेही बघून घेऊ.

गाव इतकं उंचावर, की भर दुपारी स्वेटर लागला. गंजलेल्या पत्र्यांची घरं, काळीभोर माती, गाजरं, कोबी, संत्र्यांच्या बागा, आणि या सगळ्यामागे धूर सोडत बसलेला ज्वालामुखी. मी त्याच्यावरून नजर काढत नव्हते. गावात कोणी मान वर करत नव्हतं. राख पडली की कोबीची पानं झटकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. सकाळी पुरुष लुंग्या खांद्यावरून लपेटून कॉफीच्या टपरीत बुद्धिबळ खेळत बसायचे, तोवर बायका गमबूट घालून हौदात गाजरं धुवायला उतरलेल्या असायच्या. हे मात्र मला फारच ओळखीचं वाटलं.

विहीणबाई माझ्याच वयाच्या, हाताने राकट, तोंडात सदा पान. आम्हा दोघींमध्ये रेबूची अडचण नव्हती, फक्त भाषेची होती. ती माझी मुलगी सोडवायची. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विडा करून दिला आणि मी कित्येक वर्षांनी पान खाल्लं.

तिथे मला पहिला धक्का दिला तो माझ्याच मुलीने. सून-सासऱ्यांतही रेबू असतो, म्हणून कोणाचंही ऐकून न घेणारी ही बाई सासऱ्यांसमोर मान खाली घालून बसली होती, आणि जेवण तयार असल्याचं कुत्र्याला सांगत होती. सासऱ्यांनी कुत्र्याला उत्तर दिलं, की भात जरा कमी वाढायला सांग. कुत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. बाकी कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

विहीणबाईंचा जावई शेजारच्याच घरात राहतो. दोघं एकाच शेतात पंधरा वर्षं राबताहेत. विहीणबाई टोपलीला म्हणायच्या, “ही ओळ झाली, आता वरची घे.” तो कुदळीला म्हणायचा, “वर ओल आहे, मामींनी येऊ नये.” एकमेकांकडे बघणं नाही, आणि कामात कुठे अडणं नाही. मी बांधावर बसून, मुलीकडून अर्थ समजून घेत, ते तासभर ऐकत होते. म्हणजे मुलीने सांगितलेलं सगळं खरं होतं.

शेतावरून घराकडे उतरणारी वाट फार उभी. त्या दिवशी भुरभुर पाऊस लागला होता. मी जपून उतरत होते तरी पाय सरकलाच. हात पसरला तो थेट एका बांबूवर पडला. वाटेच्या कडेने वरपासून खालपर्यंत बांबूचा कठडा होता. मी त्याला लोंबकळून उभी राहिले. मागून विहीणबाई हसत आल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतात?” मी मुलीला विचारलं.

“म्हणतात, हा त्यांच्या जावयाने बांधलाय. दर वर्षी जुना काढून नवा बांधतो. त्याला त्यांना हात देता येत नाही ना.”

विहीणबाई अजून हसत होत्या. माझ्याने हसवेना. मी बांबू धरून तिथेच थांबले. मुलीने विचारलं, आई, लागलं का? मी म्हटलं, नाही. माझ्या डोळ्यांपुढे मुलीच्या घराच्या मागच्या दाराच्या त्या चार पायऱ्या होत्या.

चार महिने छातीवर धोंडा घेऊन वावरले होते मी. आपण या माणसाला नको आहोत, आपण मुलीच्या संसारात अडगळ आहोत, असं रोज स्वतःला सांगत होते. त्या चिखलाच्या वाटेवर माझा जीव भांड्यात पडला. रडूही आलं, ते पावसावर खपलं.

वॉलॉंगॉंगला परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी मागचं दार उघडलं आणि कठडा धरून चार पायऱ्या उतरले. माझा हात कोपरात नीट वाकून त्यावर बसला, ना वर ना खाली. माझी मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि जावई तिच्याहून उंच. त्या घरात तेवढ्या उंचीचा कठडा लागेल असं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

आत आले तर तो ओट्याशी डबा भरत होता. मला पाहून नेहमीसारखा अर्धा वळला. मी किटलीसमोर जाऊन उभी राहिले.

“जावईबापूंना सांग,” मी किटलीला इंग्रजीत म्हटलं, “मी परत जात नाही. इथेच राहणार आहे. आणि कठडा चांगला झालाय.”

तो पाठमोरा होता. डब्याचं झाकण लावायला त्याला बराच वेळ लागला.

“मामींना सांग,” तो किटलीला म्हणाला, “नो वरीज.”

मग त्याने किटलीचं बटण दाबलं. तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. मी बटण बंद केलं, नळाखाली धरून ती भरली आणि दोघांचा चहा ठेवला.