हवेत अडकलेलं विमान

लेकीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराचा वास आला की मला कुंडलच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. ताई वैमानिकाचं शिक्षण घेत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होती. आईनं पहाटेच देव पाण्यात ठेवले होते. आईला जरा धीर यावा, उतरणं किती सोपं असतं ते दिसावं, म्हणून मी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम लावला. पण धावपट्टी जवळ आली की मेमरी अपुरी पडायची आणि सगळं हँग होऊन विमान हवेतच थांबायचं. पुन्हा तसंच झालं तेव्हा आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आरं, खाली घे की त्याला." मी बाकीचं सगळं बंद केलं, तरी तेच. मग बघितलं, तर मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच चालू होती. कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाची काजळी बसलेली. पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं घासत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. "आई, उतरले गं मी." मी देव पाण्यातून बाहेर काढायला उठलो, तर आईनं माझा हात धरला. "ती उतरली. ह्ये अजून वरच हाय न्हवं?" पट्टी बसवून मी पुन्हा विमान उडवलं. या वेळी चाकं टेकेपर्यंत आई पडद्यासमोर उभी राहिली. मग तिनं देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले. आई आता नाही. ताई ड्युटीवर निघाली की एक विमान मी इकडं उतरवून ठेवतो.