जुबेदाभाभी टिकली पाहिजे!

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. चार माणसं एका अंगणात जेवायला बसली की झालं! आम्ही तर आठ जण होतो, सगळे दाभोळ खाडीकाठचे, आणि अंगण दुबईतल्या देरा भागातलं. काळ साठ सालानंतरचा. परवा हेच सांगत होतो, तर नात म्हणते, "नाना, यू आर मेकिंग इट अप!" तिला काय सांगू? तिची शाळा आहे तिथे तेव्हा उंट बसायचे.

दुबई तेव्हा लहान होती, पण अंगानं भरत चाललेली. आम्ही सगळे एका बिल्डिंग कॉन्ट्रॅक्टरकडे होतो. कासमभाई आमचे मिस्त्री, वयानं आणि मानानंही मोठे. त्यांनी धाडस करून बायकोला बोलावलं. तोवर आमच्या घोळक्यात कुणाचीच बायको आली नव्हती. जुबेदाभाभीनं गावाहून निरोप धाडला, "येते. पण दोन-तीन महिने बघीन. नाही रुचलं तर पुढच्या बोटीनं परत."

हमीदच्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. तो म्हणाला, "भाभी राहिली, तर आपल्याही बायका येतील. परत गेली, तर दाभोळभर बोभाटा होईल. मग खलास! काय वाट्टेल ते करा, भाभी टिकली पाहिजे."

*

बोट लांब समुद्रात थांबायची आणि माणसं लाँचनं खाडीत यायची. भाभी उतरली. बुरख्याआडून तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. थोडी घरं, बाकी वाळू.

"शहर कुठं हाय?"

कासमभाईंनी वाळूवरून ऐटीत हात फिरवला. "हे काय समोर! फक्त बांधायचं बाकी आहे."

"मग बांधून झाल्यावर बोलवायचंत!"

आम्ही सामान उचलून पुढे पळालो. हसलेलं दिसायला नको ना!

*

पाणी गाढवावरून यायचं, डब्यांतून, आणि चांगलंच मचूळ असायचं. भाभीनं पहिला चहा केला. कुणी तोंड वाकडं करायचं नाही असं आमचं आधीच ठरलं होतं. भाभी एकेकाचा चेहरा निरखतेय, आणि आम्ही माना डोलावतोय.

हमीदला राहवलं नाही. "वा भाभी! चहात मीठ घालायची आयडिया बेस्ट!"

"हमीदभाई, मी मीठ घातलंच नाही!"

तरी पठ्ठ्यानं कप पुन्हा पुढे केला.

*

शेजारी एक अरब म्हातारी राहायची. भाभीला अरबीचा गंध नाही, म्हातारीला आपल्या भाषेचा नाही. तरी रोज दुपारी दोघी भिंतीच्या सावलीत तासभर बोलायच्या. हातवारे काय करायच्या, कपाळ काय बडवायच्या!

कासमभाईंनी विचारलं, "काय बोलता गं एवढं?"

"ती सुनेबद्दल सांगते."

"तुला अरबी कळते?"

"सुनेबद्दल बोलायला भाषा कशाला लागते?"

*

मग आमच्या गल्लीत वीज आली. संध्याकाळी बल्ब लागला, आणि कंदिलाच्या उजेडात इतकी वर्षं एकत्र जेवलेले आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. कुणाच्या गालावर देवीचे व्रण, कुणाच्या डोळ्यांखाली काळं. हमीद आरशापुढे गेला आणि तिथेच थांबला. कित्येक वर्षांत तो गावी गेला नव्हता. दाढी पार पिकली होती.

"रुकय्या ओळखेल का मला?" रुकय्या म्हणजे त्याची बायको, गावाकडे भाभीची सख्खी शेजारीण.

भाभी भाकरी थापता थापता म्हणाली, "ओळखेल की. निघायच्या आदल्या दिवशी मीच तिची वेणी घातली. तिचेही केस पिकलेत."

त्या रात्री हमीद जेवला नाही. आम्ही बल्ब लवकर बंद केला.

*

उन्हाळा लागला तशी भाभी गप्प गप्प राहू लागली. एकदा मी विचारलं, "काय झालं भाभी?"

"दाऊद, रडायला आलं तर जाऊन उभं राहावं, असं एक झाड नाही रे इथं."

मी हे सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हमीद गायब! कॉन्ट्रॅक्टरचा ट्रक दूर वाळवंटातल्या अल ऐनला जात होता, त्यात चढून बसला होता. तेव्हा रस्ता कुठला, नुसती वाळू. परतला तो नखशिखान्त धुळीनं माखून, मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं खजुराचं रोप.

भाभीनं रोपाकडे पाहिलं. जेमतेम गुडघ्याएवढं! "अहो हमीदभाई, याच्याखाली उभं राहायला मला वीस वर्षं थांबावं लागेल!"

"मग थांबा ना!"

भाभी तरातरा आत गेली. ती हसत होती की रडत होती, ते कासमभाईंनाच ठाऊक.

*

आणि एक दिवस बोट आली.

भाभीनं सकाळीच आपली ट्रंक अंगणात आणून ठेवली. कुणी काही विचारलं नाही. आमच्यातला गफूर त्याच बोटीनं रजेवर दाभोळला निघाला होता. भाभीला सोबत झाली, एवढंच आम्ही पुटपुटलो. कासमभाई पुढे चालत होते, एकदाही मागे न बघता. मला तर त्यांच्या पाठीकडेसुद्धा बघवेना. ट्रंक हमीदच्या डोक्यावर होती.

खाडीवर लाँच लागलेली. हमीद हळूच म्हणाला, "भाभी, ट्रंक फार हलकी लागते. काही घरी राहिलं का?"

"सगळंच राहिलं. रिकामी आहे ती."

आता मात्र कासमभाई वळले.

भाभी गफूरला म्हणाली, "ही रुकय्याकडे पोचती कर. म्हणावं, जुबेदानं सांगितलंय, भरून घेऊन ये."

गफूर ट्रंक घ्यायला हात पुढे करून उभा, लाँचवाला "यल्ला! यल्ला!" म्हणून घाईनं ओरडतोय, आणि हमीद काही केल्या ती डोक्यावरून उतरवेना!