परत आलेला गठ्ठा

गव्हाची खळ शिजल्याचा वास आला, की जुन्नरच्या बाजारातले ते मारवाडी शेठ आठवतात. गिरणीचा कागद आल्यापासून आमचा हातकागद खपत नव्हता. शेठनीही माझा गठ्ठा परत केला. निघताना त्यांच्यापुढच्या पोथीचं फाटकं पान दिसलं आणि सवयीनं मी ते उचलून उजेडाकडं धरलं; आत आमच्याच साच्याच्या रेघा दिसल्या. न विचारता पोथीला हात लावल्याचं भान मागून आलं. घाबरत म्हणालो, "शेठ, कागद आमचाच हाय. खळ लावून सांधता येईल." शेठ रागावले नाहीत. अख्खी पोथी माझ्या हातात देत म्हणाले, "भाऊ, नवा कागद ऱ्हाऊ द्या. जुना जगवा." तेव्हापासून पोथ्याच सांधतोय. तो गठ्ठा ठिगळाठिगळानं सरला. एक कोरा ताव तेवढा शेठच्या नावानं जपलाय.