लंगडं वासरू

जाण्याआधी अख्खा महिना माझ्या बायकोने माझ्याकडे धड बघितलं नाही.

ती दोरा बघत होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं. मी सातवी शिकलेला माणूस, मोबाईलवर एका बोटाने लिहितोय. चुकलं तर समजून घ्या.

गेल्या साली नातीचं, शीतलचं, लग्न ठरलं. गेवराईचं स्थळ. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, सहज बोलून गेल्या, "रुखवताचा लई तरास घेऊ नका. आजकाल रेडीमेड भेटतंय."

बाई चांगल्या मनाने बोलली असेल. पण हिला ते लागलं.

घरी आल्यावर म्हणाली, "ह्यांच्याकडनं काय व्हायचं न्हाई, असं वाटतंय त्यांना. असं करून देते बघा, की माळ्यावर टाकायची छाती व्हायची न्हाई त्यांची."

लग्नाला महिना होता.

मग काय! आमच्या धर्मापुरीच्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. पलंगावर मॅटीचं कापड, खुर्चीवर दोऱ्याची रिळं. क्रोशाची सुई हरवली की माझ्याच मांडीत घुसून सापडायची.

तोरण झालं. ताटावरचे रुमाल झाले. टीव्हीवरचा रुमालही झाला.

मी म्हणालो, "अगं, आता टीव्ही भिंतीला चिकटलेले असत्यात. रुमाल कशावर घालायचा?"

"तुमच्या डोक्यावर."

सून बिचारी लग्नाचं घर एकटीने ओढत होती. पत्रिका, पाहुणे, पापड, कुरडया. मला सकाळचा चहा अकराला मिळायचा. त्यात मी टेन्शनवाला माणूस. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, मांडववाला येतो का, हेच दिवसभर. आणि हिची बीपीची गोळी! मलाही चालू आहे, पण हिचीच राहायची.

"गोळी घेतली का?"

"हं."

डबी उघडून बघावं तर गोळी तिथेच.

मी चिडायचो. लई चिडायचो. आजही चिडतो.

सगळ्यात मोठं काम होतं गाय-वासराचं. सगळं फुलीच्या टाक्यात. छापील कागदावर चौकोनांत चित्र असतं, ते बघून कापडावरची घरं मोजत टाके घालायचे. तिला ते बारीक चौकोन दिसेनात. म्हणून मी वाचून दाखवायचो. "तांबडे चार. पांढरे दोन. परत तांबडे सात." शाळेत पाढे म्हटल्यासारखं.

एका दुपारी दूध उतू गेल्याचा वास आल्यासारखं वाटलं. उठून बघितलं, तर दूध जागच्या जागी. पण परत येऊन बसलो तेव्हा वासराच्या मागच्या पायाच्या तीन ओळी मी गाळल्या.

तिला ते कळलं चार दिवसांनी. वासरू पुरं झाल्यावर.

"आवं, काय केलंत हे! लंगडं केलंत माझं वासरू!"

"उसव की मग."

"कवा उसवू? परवा हळद हाय!"

आणि ती रडली. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्याने न रडलेली बाई वासराच्या पायासाठी रडली.

मी म्हणालो, "तिथं गवत भर. पाय गवतात गेलाय असं वाटंल."

तिने पदराने नाक पुसलं. मग हिरवा दोरा ओवला.

"कुणाला सांगितलंत तर बघा!"

लग्नात रुखवताच्या टेबलावर गाय-वासरू मधोमध मांडलं होतं. बायका फोटो काढत होत्या. लांबून हिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

लग्नानंतर सहाव्या दिवशी गेली. सकाळी, अंगण झाडताना.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मला ती डबी आठवते.

नंतर घर धुंडाळलं. तिच्या हाताचं काहीच नाही. जुनी तोरणं केव्हाच विरलेली, नवीन सगळं रुखवतासोबत गेवराईला गेलेलं. आणि रुखवतात दिलेली वस्तू परत मागत नाहीत. मुलीकडच्यांनी तर नाहीच नाही.

वर्षभर फोनवर शीतलला विचारत राहिलो.

"वासरू कुठंय गं?"

"हाय की, आबा."

"माळ्यावर हाय का?"

"आबा, तुमी पण ना!"

हे काय उत्तर झालं?

आज वर्षश्राद्धाला गेवराईची मंडळी आली. विहीणबाई गाडीतून उतरल्या, तर हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं, तर गाय-वासरू! काचेची फ्रेम केलेलं. त्यांनी ते हिच्या फोटोशेजारी ठेवलं.

मला वाटलं, द्यायला आणलं. न मागता आणलं.

भटजी काय म्हणत होते ते मी ऐकलंच नाही. खिळा कुठे ठोकायचा ते बघत होतो.

जेवणं झाली. आणि बाई फ्रेम परत टॉवेलात गुंडाळायला लागल्या!

मला राहवलं नाही. "विहीणबाई, राहू द्या की इथं."

"न्हाई बा. आमच्या बैठकीतली हाय ती. येणारा माणूस आधी तीच बघतो. आज आजींना दाखवायला आणली व्हती."

"तुमी तर रेडीमेड म्हणला होता."

"म्हणले व्हते. चुकलं माझं. म्हणून काय वासरू ठेवून घेता का?"

मग मी बोलू नये ते बोललो. "ते वासरू लंगडं हाय. माझ्यामुळं झालंय. गवतापाशी बघा."

त्यांनी टॉवेल सोडला. काचेवर बोट ठेवून पाय मोजले. शीतल वाकून बघायला लागली आणि फिसकन हसली. विहीणबाईही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"आता तर मुळीच देत न्हाई," म्हणाल्या.

आणि घेऊन गेल्या.

मी गाडीपर्यंत गेलो. फ्रेम सीटवर आडवी टाकलेली. "काच फुटंल, उभी धरा!" म्हणून ओरडलो. कुणी ऐकलं नाही.

लई चिडलोय मी. भिंत तशीच भुंडी आहे.

पण तुला कळवायचं होतं. त्यांनी माळ्यावर नाही टाकलं. बैठकीत लावलंय. मागितलं तरी देत नाहीत.

गवताचं मी सांगून टाकलं. रागावू नको.

माझी गोळी घेतली आहे.

नमस्कार घे.