सालईदरीतला नंबर

रुखमा उईकेविरुद्धच्या तक्रारीवर सात सह्या होत्या आणि त्यांतली एक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणपणा शिकवायला लागले तर तुम्हाला मला गप्प करता येईल.

मी वर्ध्याची, शाळेतून निवृत्त झालेली बाई. एप्रिलमध्ये आम्ही सात जण सालईदरीत पायी फिरायला गेलो. या जंगलात उतरायचं तर गावच्या समितीचा वाटाड्या घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला रुखमा आली. पन्नाशीची, काटक, गळ्यात समितीचं कार्ड, पायांत रबरी चपला. आम्ही भारीतले बूट घालून दगडागणिक घसरत होतो आणि ती अंगणात फिरावं तशी उतरत होती.

अकरा उन्हाळे तिनं वणवे विझवायच्या मजुरीत काढले होते. "तवा सायब पुढं चाले, मी मांगं," ती म्हणाली. "आता सायब मांगं चालते." आणि खुदकन हसली. अस्वलानं उकरलेलं वारूळ, सालईच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, फांदीआड बसलेला स्वर्गीय नर्तक पक्षी, सगळं ती नुसत्या बोटानं दाखवायची. पक्ष्याचं नाव आधी गोंडीत सांगायची, मग आमच्यासाठी मराठीत.

दरीच्या तळाशी एक डोह आहे. उन्हाळ्यात आसपास तेवढंच पाणी. आम्ही डबे खाल्ले, पाय बुडवले. आमच्यातल्या अच्युतनं, हा नागपूरचा इंजिनिअर, तिवईवर कॅमेरा चढवला. साडेतीनच्या सुमारास समोरच्या कड्याची सावली पाण्यावर आली आणि रुखमा उठली.

"चाला."

"अहो, जनावरं आता तर येतील," अच्युत म्हणाला. "त्यासाठीच आलोय. फाटकावरच्या पाटीवर पाचपर्यंत थांबता येतं असं लिहिलंय."

"म्हून तं चाला म्हनते. तुमी बसून राह्यले तं ते वरतीच तहानले उभे राह्यतात. आमच्या गावात बोअरिंगवर हंड्याचे नंबर लागते. ज्याचा हंडा भरला त्यानं ओट्याखाली उतरा लागते, सरपंच असो का कोनी असो. तुमचा नंबर सरला. आता त्याहिचा हाय."

"मी मधुकररावांना ओळखतो." मधुकरराव म्हणजे समितीचे अध्यक्ष.

"मी बी ओयखते. त्याहिचाबी हंडा रांगेतच राह्यते."

अच्युत हलेना. मग तिनं सरळ ती तिवई कॅमेऱ्यासकट मिटली, खांद्यावर घेतली आणि चढायला लागली. आम्ही धुसफुसत मागोमाग. पहिल्या वळणावर मी दम खायला थांबले आणि मागे वळून पाहिलं. डोहाच्या काठी चितळांचा कळप मान खाली घालून पाणी पीत होता. त्यात दोन पाडसं होती. आम्ही शंभर पावलंही गेलो नव्हतो.

हे पाहूनही मी सही केली. फाटकावर अच्युतनं अर्ज लिहिला, 'पाहुण्यांशी उद्धट वर्तन, सामानाला हात लावणे', आणि पेन माझ्यापुढे आलं. गुडघे ठणकत होते हे खरं, पण खरं कारण वेगळंच होतं. तीस वर्षं मी पोरांना रांगेत हाकलं होतं. रबरी चपला घातलेल्या एका बाईनं मला तसंच हाकावं, हे मला झोंबलं. तिथंच फाटकावर बसलेल्या मधुकररावांनी रुखमाला सर्वांदेखत माफी मागायला सांगितलं. तिनं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

महिनाभर मला स्वतःची लाज वाटत राहिली. शेवटी मे महिन्यात मधुकररावांच्या नावे एक पत्र लिहून मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तेंदूपानांचे पुडे बांधत बसली होती. बोटं काळी पडली होती. मी सही मागं घेतेय, तक्रार चुकीची होती, कार्ड परत द्यावं, असं सगळं पत्रात होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली. हात पुसून तिनं ते सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली.

"हे काय लिवलं? 'रुखमाबाईंकडून पुन्हा असे घडणार नाही'?"

"असं लिहावं लागतं, रुखमाबाई. त्याशिवाय मधुकरराव ऐकायचे नाहीत."

"खोडा ते."

"कार्ड हवंय ना तुम्हाला?"

"हवं हाय. काऊन नाई? माया जल्मात मानसं पहिल्यांदा माया मांगं चालले, म्याडम. मले काय हे पानं बांधाची हौस हाय?" तिचा आवाज चढला. "पन खोटं बोलून घेतलेलं कार्ड गयात घालून मी त्या पान्यापाशी कोन्या तोंडानं उभी राहू? खोडा. अन् लिवा, रुखमा उईके परत तसंच करन. रोज करन."

"मग कार्ड मिळणार नाही."

"नाई भेटन तं नाई भेटन."

मी ती ओळ खोडली आणि तिनं सांगितलं तस्संच लिहिलं, एक अक्षर न बदलता. तिनं पत्र गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्या सहीच्या वर, ठळक, पूर्ण नावानं सही केली. काळा अंगठा कागदावर उमटला तो तिनं पुसला नाही.

"आता देजा त्याहिले," ती म्हणाली.