मॅगपायने धरलेला डूख

मूंटा गावच्या बागेत डॉट पेंगेलीला ओळखत नाही असं माणूस नव्हतं. झाडांवर दोर टाकून चढायचं, वाळक्या फांद्या उतरवायच्या, पोखरलेल्या खोडांवर नजर ठेवायची, हे काम ती तरुणपणापासून करत आली होती. कामाला लागली तेव्हा बागकामगारांच्या टोळीत ती एकटीच बाई. "जिना चढताना मला दम लागतो, झाडावर नाही," असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

अख्ख्या बागेत तिचं एकाशीच वाकडं होतं. फाटकाजवळच्या निलगिरीवर राहणाऱ्या मॅगपायशी. काळापांढरा, कावळ्याच्या अंगापिंडाचा हा पक्षी, पण गळा असा की सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून ऐकत.

झालं होतं ते असं. एका वसंतात त्या निलगिरीची मोठी फांदी वाऱ्याने तडकली. बरोबर खाली मुलांचे झोपाळे. डॉट घाईघाईने वर गेली आणि तिने करवत चालवली. शेंड्याकडे पानांआड घरटं होतं, ते तिला दिसलंच नाही. फांदी दोराने हळू उतरवली म्हणून आतलं पिल्लू वाचलं. डॉटने एका टोपलीत वाळकं गवत घातलं, पिल्लू त्यात ठेवलं आणि टोपली वरच्या बेचक्यात बांधून आली. आईबापांनी ते वाढवलं, यथावकाश ते उडूनही गेलं. पण बापाच्या लेखी ही बाई घर फोडणारी आणि पोर पळवणारी ठरली. त्याने तिचा चेहरा पक्का लक्षात ठेवला.

तेव्हापासून दर वसंतात घरट्यात अंडी आली, की पोरं, कुत्री, सायकलवाले खुशाल ये-जा करत आणि डॉट फाटकातून आत आली रे आली की मागून झडप. कधी कानाला चोच, कधी टोपी धुळीत. तिने नवऱ्याची हॅट घालून पाहिली, काळा चष्मा लावला, एकदा तर केस तांबडे केले. पक्षी फसला नाही.

"रंग छान दिसतोय गं," बाकावर विणत बसणारी म्हातारी आयव्ही म्हणाली. "त्यालाही आवडलेला दिसतो."

"तू आपली वीण," डॉट कान चोळत म्हणाली.

एका वर्षी त्याने तिच्या गालातून रक्त काढलं. तिचा साहेब ग्रॅहम, भला माणूस, जखम बघून हादरला.

"आता बास. त्याला पकडून लांब कुठेतरी सोडू या. तू फक्त हो म्हण."

"त्याची बायको अंड्यांवर बसलीये. तिने एकटीने काय करायचं?"

"आणि तुझा डोळा गेला तर?"

"त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, ग्रॅहम. हंगाम संपू दे, मग बघते मी त्याच्याकडे."

बघते म्हणजे काय करणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. मार्ग सुचवला तो नवऱ्याने. मर्व्ह बेकरीत कामाला होता. संध्याकाळी गरम पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजीच ती, तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "इतकी वर्षं त्याच्यापासून तोंड लपवतेयस. चोर तरी वेगळं काय करतो? एकदा नीट समोर जा. माझ्या आईकडे जाताना नेतेस तसा काहीतरी खाऊ घेऊन."

"तुझी आई चोच मारत नाही."

"समोर मारत नाही."

पिल्लं मोठी झाली, उन्हाळा सरला, तशी डॉट जेवणाच्या सुट्टीत बोडक्या डोक्याने निलगिरीखाली बसू लागली. शेजारी मासे धरायच्या गळांच्या दुकानातून आणलेल्या अळ्यांची डबी. टोळीतले लोक हसायचे. "डॉट, मर्व्हने स्वयंपाक सोडला की काय?" ती एखादी अळी गवतात टाकायची आणि वर बघून बोलत राहायची. "त्या फांदीचं म्हणशील तर मला खरंच घरटं दिसलं नव्हतं रे. दिसलं असतं तर थांबले असते." हे आयव्हीच्या कानावर पडलं. त्या दिवशी मात्र तिने टोमणा मारला नाही.

कित्येक दिवस पक्षी फांदीवरून हललाच नाही. मग अळी उचलायला खाली आला, पण डॉट उठून गेल्यावर. थंडी पडेपर्यंत तो तिच्या बुटांशी येऊन उभा राहू लागला आणि एका दुपारी त्याने तिच्या तळहातावरची अळी उचलली.

खरी परीक्षा वसंतात. निलगिरीवर पुन्हा घरटं झालं, मादी बसली. डॉट टोपीशिवाय फाटकातून आत आली. डोक्यावर पंखांचा आवाज झाला तसे तिने डोळे मिटले, पण हात वर केला नाही. वारा केसांना लागून गेला. डोळे उघडले तर पक्षी बाकाच्या पाठीवर बसून मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. मग त्याने गळा फुगवला आणि गायला लागला.

आयव्हीच्या सुया थांबल्या. "आता रडू नकोस."

"रडत नाहीये. त्याला इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं."

ही बातमी ऐकून ग्रॅहम इतका खूश झाला, की घरटं बघायला शिडी घेऊन आला. दुसऱ्या पायरीवरच त्याच्या कानाला प्रसाद मिळाला. पट्टी लावता लावता डॉटला हसू आवरेना.

पुढच्या शरद ऋतूत ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी ग्रॅहमने छाटायला कुठलंही झाड निवड म्हटल्यावर तिने तीच निलगिरी घेतली. वर चढून आधी प्रत्येक फांदीची पानं बाजूला करून पाहिली, मगच करवत काढली. मॅगपाय शेजारच्या फांदीवर येऊन बसला आणि तिचं काम संपेपर्यंत मुकादमासारखा बघत राहिला.